बहार धरायचा कधी?

२०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुळे सोलापुरातली माणसं विजापूर रोडपर्यंत चालत जाऊन पुराचा अंदाज घेऊन परत येत होती. सैफुलच्या पुढे रस्त्याच्या कडेला ट्रकची रांग लागली होती. वडकबाळजवळ सीना नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं, विजापूरकडची वाहतूक थांबलेली. तिकडून निघालेला माल तिकडे अडकला, इकडचा इकडे. ताडपत्रीखाली काय भरलं आहे ते वासावरूनच कळायचं. कांदा भिजला की त्याचा तिखटपणा जातो आणि गोडसर, सडका असा एक वास येतो. दुसऱ्या दिवशी तो वास रस्त्याच्या अलीकडच्या सोसायट्यांपर्यंत आला. आमच्या गल्लीतल्या बायकांनी ड्रायव्हर-क्लीनरना चपात्या आणि शेंगाची चटणी नेऊन दिली.

याच गल्लीत २०२४ च्या जूनमध्ये आम्ही नळाची वाट बघत बसलो होतो. उजनी धरण मायनस साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. ज्यांना उजनीचा हिशोब माहीत नाही त्यांना ‘मायनस’ हा शब्द विचित्र वाटेल. सोलापुरात मात्र शाळकरी पोरालाही तो कळतो. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. उपयुक्त पाणी संपून मृतसाठ्याला हात घातला की टक्केवारी शून्याच्या खाली मोजायची. तेव्हा शून्याच्या खाली साठ होतो, आणि पंधरा महिन्यांनी सीनेनं माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरची रानं धुऊन नेली.

पुराच्या त्याच दिवसांत मावसभावाचा फोन आला. त्याला आम्ही सगळे आण्णा म्हणतो. सांगोला तालुक्यात त्याची डाळिंबाची बाग आहे. सीना त्याच्यापासून लांब, त्यामुळे घरात पाणी शिरण्याची भीती नव्हती. त्याची अडचण वेगळी होती.

“मे महिन्यापास्नं रान वाळलंच न्हाई,” तो म्हणाला. “ताण कसा द्यायचा सांग की. हस्त बहार धरायचा का न्हाई?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण गेले काही महिने सोलापूरच्या निर्यातीबद्दल जे वाचत, ऐकत आणि हिंडून बघत होतो, ते सगळं त्या एका प्रश्नाभोवती गोळा झालं.

जुळे सोलापूर ही नोकरदारांची आणि निवृत्तांची वस्ती आहे असं बाहेरच्या माणसाला वाटतं. बंगले, अपार्टमेंट, दवाखाने, क्लासेस, मंगल कार्यालयं. पण इथल्या कितीतरी घरांचा पाया सांगोल्याच्या, मंगळवेढ्याच्या, पंढरपूरच्या रानात आहे. डाळिंबाची पट्टी चांगली आली त्या वर्षी प्लॉट घेतला, पुढच्या वर्षी स्लॅब टाकला, मुलं शिकायला इथे आणून ठेवली, अशी घरं मला आमच्याच रस्त्यावर दाखवता येतील. आण्णाचंही एक आहे. खाली भाडेकरू, वर त्याची मुलगी नर्सिंगच्या अभ्यासासाठी राहते. त्या घराचा वरचा मजला गेली काही वर्षं गिलाव्यावाचून उभा आहे.

आता ताण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सोलापूरच्या डाळिंबाची सगळी कहाणी त्यात आहे.

डाळिंबाचं झाड मोकळं सोडलं तर वर्षभर थोडी थोडी फुलं धरतं. त्यातून धंदा होत नाही. म्हणून शेतकरी एक हंगाम निवडतो. जानेवारी-फेब्रुवारीत धरला तर आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. बहार धरायचा ठरला की पाणी तोडायचं. ड्रिपचे व्हॉल्व्ह बंद. हलक्या मुरमाड रानात महिना-दीड महिना झाड तहानेलं ठेवायचं. पानं पिवळी पडू लागली की इथ्रेल फवारून राहिलेली पानगळ करायची, छाटणी करायची, खत घालायचं आणि मग पहिलं पाणी सोडायचं. उपाशी ठेवलेलं झाड त्या पाण्यासरशी एकदम फुटतं, कळी निघते, सेटिंग होतं. तिथून साधारण सहा महिन्यांनी भगव्या वाणाचं फळ तोडायला येतं.

म्हणजे फळ कोणत्या महिन्यात बाजारात जाणार, हे पाणी तोडण्याच्या दिवशी ठरतं. दुबईच्या बाजारात भाव कधी असतो, युरोपात स्पेन आणि पेरूचा माल कधी संपतो, तेल्या रोगाचा जोर कधी कमी असतो, हे सगळं धरून शेतकरी मागे मोजत येतो आणि व्हॉल्व्ह बंद करण्याची तारीख काढतो. ही कला जास्त पावसाच्या मुलखात जमणं अवघड. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आणि तोही कुठेतरी दोन नक्षत्रांत पडून मोकळा होणारा, अशा जिल्ह्यालाच ती साधली. पाऊस नसणं ही इथली सर्वांत भरवशाची गोष्ट होती आणि सांगोल्यानं ती कामाला लावली.

त्याच्या मागे मोठी परंपरा आहे. कोरडवाहू शेतीवरच्या संशोधनाचं केंद्र सोलापुरात १९३३ साली सुरू झालं. त्याच काळात असंच एक केंद्र विजापूरलाही निघालं, म्हणजे आमच्या या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या संशोधनातून पुढे आली आणि नव्वदएक वर्षं महाराष्ट्राच्या ताटात टिकली. कमी पाण्यावर काय पिकवता येईल हा प्रश्न इथे पिढ्यानपिढ्या विचारला गेला, आणि डाळिंब हे त्याचं अलीकडचं, सर्वांत किफायतशीर उत्तर होतं. आधी गणेश, मग राहुरीच्या विद्यापीठाचा भगवा. २००५ साली सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं. २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे. त्या दिवशी आण्णा सहकुटुंब स्टेशनवर गेला होता. त्याच्या फोनमध्ये तो फोटो अजून आहे. ती गाडी पुढे बंद पडली.

गाडी बंद पडण्याआधीच बागा पडायला लागल्या होत्या. २०१९ पासून लागोपाठ परतीचे जोरदार पाऊस झाले. मुरमाड रानातही पाणी साचून राहिलं. डाळिंबाच्या मुळांना हवा लागते. ती गुदमरली की झाड अशक्त होतं आणि अशक्त झाड हुडकत खोडकिडा येतो. खोडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात, त्यातून बारीक भुसा गळतो आणि काही आठवड्यांत भरलं झाड उभ्या उभ्या वाळतं. सोबतीला मर रोग आहेच. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पाडणारा, फळाला तडा देणारा तेल्या हा जिवाणूजन्य रोग. पावसाच्या थेंबांबरोबर तो झाडावरून झाडावर उडतो. सांगोला तालुक्यातली अजनाळ्यासारखी गावं डाळिंबाच्या बंगल्यांसाठी ओळखली जायची. त्या पट्ट्यात मी २०२२ साली जेसीबीनं उपटलेल्या झाडांचे ढीग बांधाला पाहिले. आण्णानं त्याच्या पाच एकरांतली तीन एकर काढून टाकली. गिलावा राहिला तो तेव्हापासून.

राहिलेल्या दोन एकरांवर त्यानं सगळा जीव लावला, आणि त्याला कारणही होतं. डाळिंबासाठी लांबचे बाजार खुले होत होते. ६ डिसेंबर २०२४ रोजी सोलापूर भागातलं ५.७ टन डाळिंब समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाकडे निघालं. तीन-तीन किलोचे १,९०० बॉक्स. १३ जानेवारी २०२५ रोजी ते सिडनीला पोचलं. पुढे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालाही भगव्याची पहिली व्यापारी समुद्री खेप गेली, साधारण १४ टनांची, वाशीच्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन. मार्चमध्ये, निघाल्यापासून पाच आठवड्यांच्या आत, ती पोचली. या दोन बातम्यांमागे केगावच्या संशोधकांची मोठी मेहनत आहे. फळ साठ दिवसांपर्यंत टिकवून दाखवण्याची चाचणी अपेडा ही सरकारी निर्यात संस्था आणि या केंद्रानं मिळून केली होती. आधी हे फळ विमानानं जायचं. विमानाचं भाडं फळाच्या किमतीला खाऊन टाकायचं आणि एका किलोमागे जळणारं इंधन बोटीपेक्षा कितीतरी जास्त. बोटीनं जाणारं, साठ दिवस टिकणारं डाळिंब हे शेतकऱ्याच्या फायद्याचं तसंच हवेच्याही फायद्याचं काम आहे. एवढ्या मोठ्या कामाची सोलापूरकरांनी जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतलेली नाही, असं मला वाटतं.

अमेरिकेची खेप पोचली त्यानंतर महिन्याभरात तिथल्या सरकारनं नव्या आयात शुल्काची घोषणा केली. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचं वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. सोलापुरात याची पहिली झळ टॉवेलच्या कारखान्यांना बसली, कारण आपला टेरी टॉवेल अमेरिकेला मोठ्या प्रमाणात जातो. डाळिंबाचं नुकसान तेव्हा आकड्यात दिसण्याएवढं नव्हतं, कारण बाजार नुकताच उघडत होता. पण ज्यांनी त्या बाजाराकडे बघून बागेची निगा वाढवली, नोंदवह्या ठेवल्या, कीटकनाशकं बदलली, त्यांच्यासाठी पाच आठवड्यांच्या प्रवासाला निघालेलं फळ पोचेपर्यंत नियम तोच राहील याची खात्री उरली नाही.

द्राक्षवाले हे आधीच भोगून बसले आहेत. उत्तर सोलापुरातलं नान्नज बाहेरच्यांना माळढोक अभयारण्यामुळे माहीत असतं. द्राक्ष बागायतदारांना ते नानासाहेब काळे यांच्यामुळे माहीत आहे. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती त्यांनी आपल्या बागेत निवडून काढल्या. ज्या गावात दुष्काळी गवताळ रानातला पक्षी राहतो, त्याच गावानं देशाला द्राक्षाच्या जाती दिल्या. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हौथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. सुएझ सोडून जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालू लागली. रॉटरडॅमला तीन-साडेतीन आठवड्यांत पोचणारी द्राक्षं दोन आठवडे उशिरा पोचू लागली, आणि कंटेनरचं भाडं वाढलं. डाळिंबाला साल आहे. द्राक्षाला तेवढीही सवड नाही. देठ सुकून तपकिरी झाला की तिथला खरेदीदार पेटी बाजूला ठेवतो, आणि जो भाव कमी होतो तो शेवटी नान्नज-कासेगावच्या बागेत कमी होतो. केळीचं तर सरळ आखाताशी नातं आहे. करमाळ्यातलं कंदर आणि आसपासची गावं उजनीच्या पाण्यावर केळी पिकवतात, तेरा किलोच्या बॉक्समध्ये भरून इराण, ओमान, सौदीला पाठवतात. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धाचे बारा दिवस होते तेव्हा कंदरच्या पॅकहाऊसमधली माणसं होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बातम्या बघत होती. केळीचा घड झाडावर एका ठरावीक भरणीला कापावाच लागतो. युद्ध थांबेपर्यंत तो थांबत नाही.

लढाया आपल्या हातात नाहीत, ठीक. आपल्या हातात होतं त्याबद्दल बोलायला हवं, आणि म्हणून कांदा.

सोलापूरची श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती ही राज्यातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी एक. सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगर, पुण्याचा काही भाग आणि कर्नाटकातून इथे माल येतो. खरिपाचा लाल कांदा डिसेंबर-जानेवारीत शेकडो ट्रक भरून उतरतो. जुळे सोलापुरात पहाटे जाग आली तर विजापूर रोडवरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज थांबत नाही, तो याच दिवसांत.

२०२३ चा पावसाळा कोरडा गेला. खरिपाचा कांदा कमी निघणार हे दिसू लागलं. १९ ऑगस्टला केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. सोलापूरचा बाजार ऐन भरात असताना. आधी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितलेली बंदी पुढे तशीच चालू राहिली आणि ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सोलापूर आणि माढ्याचं लोकसभेचं मतदान ७ मे रोजी होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण हटलं. २०२२-२३ साली देशातून २५ लाख टनांहून जास्त कांदा बाहेर गेला होता. २०२३-२४ साली १७.१७ लाख टन. पुढच्या वर्षी १८ मार्चपर्यंत ११.६५ लाख टन.

या तारखा मी ओळीनं दिल्या त्याला कारण आहे. कांद्याचं रोप गादीवाफ्यावर टाकल्यापासून काढणीपर्यंत साडेचार-पाच महिने जातात. त्या पाच महिन्यांत २०२३ सालच्या शेतकऱ्यानं तीन वेगळे नियम पाहिले. त्यानं रोप टाकलं एका नियमावर, लागण केली दुसऱ्यावर, गाडी भरली तिसऱ्यावर. शहरातल्या गिऱ्हाईकाला स्वस्त कांदा मिळावा याला माझा विरोध नाही. मी स्वतः शहरातच कांदा विकत घेतो. पण त्याची किंमत हंगामाच्या मध्येच एकट्या पिकवणाऱ्याच्या खिशातून काढणं अन्यायाचं आहे, आणि ‘तात्पुरती उपाययोजना’ म्हटल्यानं तो कमी होत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं याच बाजारात ५१२ किलो कांदा विकला. किलोला रुपया भाव. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात २ रुपये ४९ पैसे राहिले, आणि दिला गेला तो दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. देशभर गाजलेली ही गोष्ट घडली तेव्हा निर्यात खुली होती, उलट त्या वर्षी विक्रमी होती. निर्यात उघडी ठेवली की सगळं सुटतं असं नाही. लाल कांदा टिकत नाही, तो साठवता येत नाही, आणि सगळ्यांचा एकाच पंधरवड्यात निघाला की त्याला कोणताही परदेश वाचवू शकत नाही. पाऊस लांबला की लागणी लांबतात, काढण्या एकमेकींवर येऊन आदळतात. त्या चेकच्या मुळाशीही चुकलेलं वेळापत्रकच होतं.

हवामान बिघडणं आणि व्यापार अडणं या आपण दोन वेगळ्या बातम्या म्हणून वाचतो. मला त्या आता वेगळ्या दिसत नाहीत. २०२३ साली पाऊस हुकला म्हणून कांदा अडला. त्याच वर्षी जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली. साखरेवर जून २०२२ पासूनच नियंत्रण होतं, ते आणखी लांबवलं. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्याला त्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. त्याच २०२३ साली तिकडे पनामात पाऊस कमी झाला, कालव्याला पाणी पुरवणारं गाटून सरोवर खाली गेलं, आणि रोज ३६ च्या आसपास जहाजं सोडणाऱ्या कालव्याला वर्षअखेरीस ती २४ च्या आसपास आणावी लागली. एका धरणाच्या पातळीवर जगाच्या बोटी थांबतात हे वाचून मला उजनी आठवली होती.

आता खरेदीदाराच्या अटींकडे येतो. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आण्णाला हे समजावताना मी हिशोब करून दाखवला. हजार टन डाळिंबांत एक तोळा, तोही दहा ग्रॅमचा नवा तोळा. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “शेजाऱ्याच्या फवाऱ्याचं वारं आलं तरी तेवढं व्हईल.”

ही भीती काल्पनिक नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडल्यानं महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली. आपल्याकडे हे औषध लिहोसीन म्हणून ओळखलं जायचं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घड चांगला यावा म्हणून ते सर्रास वापरलं जायचं. त्या वर्षी निर्यातदार बुडाले आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पण त्यातून द्राक्षवाले शिकले. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, काढणीआधी नमुना तपासणी, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येणं ही ग्रेपनेटची व्यवस्था २००६-०७ पासून उभी होती, ती आणखी कडक झाली. पुढे डाळिंबासाठी अनारनेट आलं. या शिस्तीचा फायदा परदेशी गिऱ्हाईकाइतकाच फवारणी करणाऱ्या मजुराला होतो. म्हणून ‘गोऱ्यांच्या नखऱ्यांना कंटाळलो’ असं म्हणणाऱ्यांच्या सुरात मला सूर मिळवता येत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. अलीकडे ग्लोबलगॅप या शेतमालाच्या प्रमाणपत्राच्या यादीत पाण्याचा हिशोब आला. बोअर किती खोल, किती तास चालला, कोणत्या विजेवर. डिझेल किती जाळलं. मोकळ्या बाटल्यांची विल्हेवाट कशी लावली. योग्य प्रश्न आहेत. पण सांगोल्याच्या ज्या माणसानं झाडाला ठिबकनं मोजून पाणी दिलं, त्यानं हा सगळा हिशोब स्वखर्चानं सिद्ध करायचा, आणि जहाज आफ्रिकेला वळसा घालून आलं त्याचा वाढीव धूर कुणाच्याच वहीत लिहायचा नाही, हे बरोबर दिसत नाही. वहीच्या खर्चातला वाटा खरेदीदारानंही उचलला पाहिजे. आज पेटीच्या भावात तो कुठे दिसत नाही.

आणि परदेशी खरेदीदारानं विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारायला हवं असा एक प्रश्न जुळे सोलापुरातून फार स्पष्ट दिसतो. आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं, अनेक वर्षं असंच येतं. सोलापूरसाठी उजनीहून समांतर जलवाहिनी टाकायलाच वर्षानुवर्षं गेली. त्याच उजनीच्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस उभा आहे, आता केळी आहे. साखरेचं पोतं आणि केळीचा बॉक्स बंदरावर जातो तेव्हा त्याच्याबरोबर आपलं पाणी जातं. उसाऐवजी ठिबकवरची केळी हा चांगला बदल आहे, त्यातून मजुरी वाढते, पैसा लवकर फिरतो. तरी साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यानं पाणी खाणारी पिकं परदेशी पाठवायची, आणि कमी पाण्यावर येणारं डाळिंब रोगानं आणि पावसानं मोडत चाललेलं बघायचं, हे मनाला पटत नाही. जिथे सरकारी पैसा, संशोधन आणि विम्याचं संरक्षण लागायला हवं ते पीक डाळिंब आहे, द्राक्ष आहे, मंगळवेढ्याची ज्वारी आहे. बेदाण्याची आहे ती जोड वाढवायला हवी, कारण वाळवलेल्या फळाला बोट चुकल्याची भीती नसते. केगावनं काढलेला सोलापूर लाल हा वाण, अनारदाण्यासाठीचा वेगळा वाण, या गोष्टी संशोधन केंद्राच्या कुंपणाबाहेर मोठ्या प्रमाणात यायला हव्यात.

७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. वाहून गेलेल्या जमिनीची, मेलेल्या जनावरांची, बुडालेल्या पिकांची त्यात मोजणी आहे. ज्या बागेला ताण देता आला नाही तिचा पंचनामा कसा करायचा, याचं कोष्टक मात्र नाही. झाड हिरवंगार उभं आहे. पानं तजेलदार आहेत. तलाठी आला तर त्याला नुकसान दिसणार नाही.

ते बघायला मी त्याच महिन्यात आण्णाकडे गेलो. वाटेत ओढे वाहत होते, जे मी माझ्या लहानपणी कधी ऑक्टोबरात वाहताना पाहिले नव्हते. द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची तयारी होती, पण काडीत घड आहे की नाही याची धास्ती सगळीकडे. मेमध्येच पाऊस सुरू झाल्यानं ज्या दिवसांत ऊन खाऊन काडीत सूक्ष्म घड तयार व्हायचा, ते दिवस ढगांत गेले. डोळे तपासायला काड्या प्रयोगशाळेत पाठवून झाल्या होत्या.

आण्णाच्या बागेत दीड महिना झाला ड्रिप बंद होतं. ऑगस्टच्या अखेरीसच त्यानं व्हॉल्व्ह बंद केले होते. तरी एकही पान पिवळं नव्हतं. वहिनीनं चहा आणला, आम्ही झाडाखाली बसलो. त्यानं खोडापासून हातभर अंतरावर खुरप्यानं वीतभर खणलं, मूठभर माती घेतली आणि दाबली. मातीचा लाडू झाला. तो त्यानं माझ्या हातात दिला. गार होता.

“इथ्रेल मारून पानं पाडता येतील,” तो म्हणाला. “पर आत वल हाय. कळी निघायची न्हाई, नुसता पाला फुटंल. अन थांबलो तर फळ मे-जूनात जातंय. तवा पुन्हा पाऊस आला तर तेल्या.”

बांधावर छाटणीच्या टोळीचा मुकादम येऊन उभा होता. वीस माणसं, पुढच्या सोमवारचं ठरलेलं. आण्णानं त्याच्याकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा हातातल्या मातीकडे.

“आठ दिस थांब,” त्यानं मुकादमाला सांगितलं. “दुसऱ्याचं काम असलं तर घे. मी फोन करतो.”

मुकादम गेला. आण्णा व्हॉल्व्हजवळ गेला, बंद असलेला तो पुन्हा एकदा फिरवून बघितला, आणि आम्ही घराकडे निघालो.